डाव्या सीटवर कोण बसलंय?

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यासारख्यावर बसून गावोगाव फिरले असतील, पण आमचे तोंड कोणी पाहिलेले नसणार. पाहण्याजोगे काही नाहीच म्हणा. मी गाडीच्या पुढच्या सीटमधला जुना सेन्सर आहे. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला जी सीट असते, तिची गादी उचललीत तर तिच्या पोटाखाली कागदासारखी पातळ, काळसर चटई अंथरलेली दिसेल. तोच मी. माझ्या अंगभर टिकल्यांसारखे ठिपके आहेत. कोणी बसले की ते दाबले जातात आणि बसणाऱ्याचे वजन मला कळते.

गाडीच्या आत, पुढच्या बाजूला, एक पेटी आहे. ती मला सारखा एकच प्रश्न विचारत असते, "कोण बसलंय?" मोठा माणूस असेल तर मी तसे सांगतो, आणि ती त्याच्यासमोरची एअरबॅग तयार ठेवते. गाडी कुठे धडकलीच तर डोळ्याचे पाते लवायच्या आत ती बॅग फुगते आणि माणसाला सावरते. पण तिचा दणका जबरदस्त असतो. मोठ्या माणसाला तारणारा दणका लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून सीटवर मूल असले किंवा कोणीच नसले, तर पेटी ती बॅग बंद ठेवते आणि आरशाखाली एक छोटा पिवळा दिवा लावते. तो दिवा लागला की समजावे, डावीकडची बॅग आत्ता उघडणार नाही.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या एका शब्दावर कोणाचा जीव अवलंबून आहे, त्याने निवांत कसे राहावे? काळजी करणे हाच माझा धंदा आहे. त्यातून मला दिसत काहीच नाही. गादीखालून ना रस्ता दिसत, ना माणूस. वजन कळते आणि बोलणे ऐकू येते, तेवढ्यावर सगळा कारभार.

ही सवय मला जन्मापासूनची. कारखान्यात एक बाई आमच्यावर लहानमोठी वजने ठेवून आमची उत्तरे तपासत असे. ज्याचे उत्तर चुकले तो बाजूच्या टोपलीत. माझ्या आधीचा टोपलीत गेला, तेव्हाच माझ्या तोंडचे पाणी पळाले. माझे उत्तर बरोबर आले, तिने माझ्यावर शिक्का मारला, आणि तरीही मी मनात म्हणत होतो, आपले चुकले तर नाही ना. ते "तर नाही ना" अजून सुटलेले नाही.

पुढे मी ज्या गाडीत बसवला गेलो ती एका बसड्रायव्हरच्या घरी आली. दिवसभर लोकांची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन ही गाडी, असा त्या घरातल्या बाबांचा शिरस्ता होता. माझ्यावर आई बसे. तिचे वजन मला तोंडपाठ झाले होते. गाडी घराच्या वळणावरून पुढे गेली की तिचा भार खिडकीच्या बाजूला कलायचा, मग मी समजायचो, आईला झोप लागली. मागे दादा आणि धाकटी भांडत असत. दादा नोकरीसाठी दूर गेला, त्याचे लग्न झाले, त्याला मुलगी झाली. धाकटी इथेच राहिली. तिने नोकरी धरली आणि गाडी चालवायचा परवानाही काढला.

माझे कौतुक म्हणाल तर एकदाच झाले. गाडी विकणाऱ्याने गादीवर थाप मारून, "ह्याच्या आत कोण बसलंय ते ओळखणारं यंत्र आहे," असे सांगितले होते. त्यानंतर माझे नाव कोणी काढले नाही. उलट माझ्यावर काय काय ठेवले म्हणून सांगू. एकदा शेजारणीचे शिलाई मशीन ठेवले. मला वाटले, चांगले धष्टपुष्ट मूल आहे. मी तसे कळवले आणि पट्टा लावा म्हणून गाडी ओरडू लागली. बाबांनी दोन-तीनदा दुर्लक्ष केले, शेवटी वैतागून मशीनला पट्टा बांधला. त्या दिवशी आई हसून हसून बेजार झाली होती.

मग बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी उजव्या डोळ्यापुढे धुके आले, नंतर विजेचे सरळ खांब वाकडे दिसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की ठरलेल्या दिवशी येऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचे. खंड पडला तर उरलीसुरली नजरही जाईल. आणि आजपासून गाडी चालवायची नाही. हे सगळे मी आईच्या तोंडून ऐकले. परतीच्या वाटेवर ती हे धाकटीला फोनवर सांगत होती आणि बाबा शेवटचे गाडी चालवत होते. घरी आल्यावर त्यांनी किल्ली धाकटीच्या हातात दिली.

दवाखाना डोंगर ओलांडून पलीकडच्या शहरात होता. बसने जायचे तर मध्ये दोनदा बदलावी लागे, आणि येताना डोळ्यावर पट्टी. तेव्हा धाकटीने चालवायचे आणि बाबांनी शेजारी बसायचे असे ठरले. आधी गावातल्या गावात सराव करू, असे ती म्हणाली.

त्या दिवशी बाबा पहिल्यांदा माझ्यावर बसले. भारदस्त माणूस. पेटीने विचारले आणि मी रुबाबात सांगितले, मोठा माणूस. दिवा विझला. धाकटीने गाडी काढली. गल्ली संपेपर्यंत सगळे ठीक होते. पहिला चौक आला आणि बाबांचे वजन एकदम निम्म्यावर आले. मग आणखी कमी झाले. चालत्या गाडीतून माणूस जातो कुठे? पण मला जे जाणवते तेच सांगणे माझे काम. मी सांगितले, लहान मूल. दिवा पेटला.

"बाबा, तो पिवळा दिवा लागला," धाकटी म्हणाली.

"तू समोर बघ. दिव्याचं मी बघतो."

तेवढ्यात चौक सरला आणि वजन जसे गेले तसे परत आले. दिवा विझला. पुढच्या चौकात पुन्हा तेच. समोरून टेम्पो आला की तेच, मागून कोणी भोंगा वाजवत पुढे गेले की तेच. दिवा पेटला की धाकटी बिचकायची आणि ब्रेक जोरात दाबायची. ब्रेक दाबला की वजन आणखी कमी व्हायचे.

"मी चालवत असताना शेजारी माणूस बसला की हा दिवा कधी लागला नाही," घरी उतरताना बाबा म्हणाले.

ते रागाने बोलले नव्हते. पण धाकटीच्या बाजूचे दार बराच वेळ उघडले नाही.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? मला वाटले, मीच बिघडलो. इतकी वर्षे चिरडला गेलो, कोणीतरी चहा सांडला, मशीन ठेवले, आता माझे डोके ठिकाणावर राहिलेले नाही. आणि खरोखरीच माणूस बसलेला असताना मी "मूल" म्हणालो आणि नेमकी तेव्हाच गाडी धडकली तर? बॅग उघडणार नाही. बाबांना काही झाले तर ते माझ्यामुळे होईल.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच दुरुस्ती काढली. सीटखाली हात घालून त्यांनी एक कंगवा, औषधाची रिकामी डबी आणि छत्रीची मूठ बाहेर काढली.

"हा माझा कंगवा," आई म्हणाली. "आणि मी उगाच मोलकरणीवर आळ घेतला."

कंगवा गेला, दिवा राहिला. मग गाडी वायरिंगवाल्याकडे गेली. गाड्यांच्या विजेची कामे करणारा हा माणूस बाबांना बसच्या डेपोपासून ओळखत होता. तोंडाने सारखा बोलणारा, पण हाताने सावध. त्याने स्कॅनर नावाचे यंत्र गाडीला जोडले. पेटी आणि माझे जे बोलणे चालते ते त्या यंत्राच्या पडद्यावर उमटते. माझी नाडी तपासणे चालले होते म्हणा ना.

"काका, दोष काहीच दाखवत नाही," तो म्हणाला. "सीटखालचा पिवळा प्लग थोडा मळलाय. तोच असणार. साफ करून घट्ट बसवतो."

प्लग साफ झाला. तो स्वतः माझ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग बाबांना बसवले. प्रत्येक वेळी माझे उत्तर बरोबर. उभ्या गाडीत मी एकदाही चुकलो नाही.

"झालं काम. निर्धास्त जा," वायरिंगवाला म्हणाला. मीही निर्धास्त झालो, पण ते पहिल्या चौकापर्यंतच टिकले.

आता मात्र बाबांनी हट्टच धरला. ही गाडी धड झाल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवणार नाही, म्हणाले. इंजेक्शनचा दिवस आला आणि गेला. आई गाडीत बसून दारे लावून घेई आणि दादाला फोन करून रडे, तेव्हा मला कळायचे, की घरात ती धीराने वागते आहे. दवाखान्यातून फोन आला होता. नर्सबाईंनी नवी तारीख दिली आणि सांगितले, एक खंड पडलाच आहे, आता दुसरा पडला तर तो डोळा आम्ही वाचवू शकणार नाही.

"डोळा काय गाडीसाठी थांबणार आहे का?" आईने बाबांना विचारले. गाडी फाटकात उभी होती आणि काचा उघड्या होत्या.

"बिघडलेल्या गाडीत डोंगर चढायचा? मी जन्मभर असं केलं नाही. प्रवासी बसवून तर नाहीच नाही."

"प्रवासी तुम्हीच आहात हो."

माझा जीव टांगणीला लागला होता. एका माणसाची नजर जाणार आणि ती माझ्या एका दिव्यामुळे, एवढेच मला समजत होते.

नव्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळीच धाकटी रजा टाकून आईला आणि मला घेऊन वायरिंगवाल्याकडे आली. बाबा मागून रिक्षाने आले. या वेळी त्याने सीट सोडवली, गादीचे कापड उलगडले आणि मला बाहेर काढले. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. त्याने मला उजेडासमोर धरून उलटसुलट केले. चोर पकडल्यावर त्याचे खिसे तपासतात, तसे मला वाटत होते.

"इथे कोपऱ्यात सुरकुती आहे," तो म्हणाला. "पण हिच्यामुळे होईल असं वाटत नाही. नवीन मागवायचा तर यायला वेळ लागेल."

"उद्या जायचंय आम्हाला," आई म्हणाली.

"मग काढूनच टाक की तो," बाबा म्हणाले. "दिवा बंद कर. तुमच्यात काहीतरी युक्ती असते ना?"

वायरिंगवाला जरा घुटमळला. "असते. याच्या जागी सर्किटचा एवढासा तुकडा जोडायचा. पेटीला वाटतं, कायम मोठा माणूस बसलाय. दिवा परत कधी लागत नाही. पुष्कळ लोक करून घेतात."

"कर मग."

पिवळा प्लग त्याच्या चिमटीत होता. मला कारखान्यातली टोपली आठवली. पण खरे सांगतो, टोपलीपेक्षा मला त्या तुकड्याची भीती जास्त वाटली. जो कधी काळजीच करत नाही, असा कोणी माझ्या जागी येणार होता.

"थांबा," धाकटी म्हणाली. "सुट्टीला दादाची छोटी येते. तिला कितीही मागे बसवा, खेळता खेळता पुढे येऊन बसतेच. ती बसली असताना गाडी धडकली तर?"

"तर बॅग फुटणार. तुकड्याला काय कळतंय, कोण आहे ते."

"तुम्ही तुमच्या गाडीत लावाल हा तुकडा?"

वायरिंगवाल्याने प्लग खाली ठेवला. "नाही लावणार, ताई."

मग धाकटीच म्हणाली, "उभ्या गाडीत बाबा बसले की दिवा कधीच लागत नाही. मी चालवते आणि बाबा शेजारी असतात, तेव्हाच लागतो. तुम्ही दोन्ही वेळा उभ्या गाडीतच तपासलंत."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, माझ्या चालवण्यातच काहीतरी आहे. ते कोणापुढे कशाला बोलायचं?"

वायरिंगवाल्याने मला पुन्हा गादीखाली नीट अंथरले, सीट बसवली आणि रिकामी सीट म्हणजे किती ते मला यंत्रावरून नव्याने शिकवले. गादी काढली की हे करावेच लागते, नाहीतर आमचा हिशेब चुकतो. मग तो स्कॅनर मांडीवर घेऊन मागे बसला. आईही त्याच्या शेजारी बसली. इथे एकटी काय करू, म्हणाली. बाबा माझ्यावर आणि धाकटी स्टिअरिंगवर.

"वजन बरोबर दाखवतंय," मागून आवाज आला. "काका, एक नंबर बसलात. चला ताई."

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली.

"अरे, उतरलं. ताई, काय केलंत?"

"काही नाही. समोर टेम्पो आहे."

"परत चढलं. ठीक आहे. आता पुन्हा उतरलं. निम्म्याच्याही खाली. हे गेलं, सगळंच गेलं. आता तर सीट रिकामी दाखवतंय. आत कुठेतरी वायर तुटलीय बघा, हलली की सुटतेय."

मी मनातून खचलो. वायर तुटली असेल तर माझे काही खरे नव्हते.

"वायर नाही तुटलेली," आई शांतपणे म्हणाली. "त्या यंत्रातून मान वर काढ आणि जरा पुढे बघ."

वायरिंगवाल्याने बघितले असावे, कारण त्याचे बोलणे पहिल्यांदाच बंद पडले.

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही बसलाय कुठे? लटकलाय."

"कोण लटकलंय?" बाबांचा आवाज माझ्या अगदी वरून आला, पण वजन नव्हतेच.

"काका, हात सोडा बरं."

"कुठला हात?"

"वरच्या दांडीला धरलाय तो. आणि पाय. पायांनी किती रेटताय खाली. तिथे ब्रेक नाही, काका."

बाबांचे सगळे वजन धपकन माझ्यावर आले. मी पेटीला सांगितले आणि दिवा विझला.

"सापडला दोष," वायरिंगवाला म्हणाला. "सेन्सर बिलकूल बिघडलेला नाही. उलट खरं बोलतोय बिचारा. काकाच सीटवर बसत नाहीत."

मित्रांनो, मला रडू आले असते तर मी रडलो असतो. माझे उत्तर बरोबर होते. सुरुवातीपासून बरोबर होते. पण तो आनंद फार टिकला नाही, कारण धाकटीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून ती म्हणाली, "एवढी वाईट चालवते मी?"

"नाही गं."

"मग गाडीला काय म्हणून बोल लावत होतात? सांगायचंत ना, तुझा भरवसा वाटत नाही म्हणून."



"मला उजवीकडचं दिसत नाही," बाबा म्हणाले. "आवाज येतो, पण काय येतंय ते कळत नाही. बस चालवायचो तेव्हा समोरून काय येतंय ते सगळ्यांच्या आधी मला दिसायचं. आता सगळ्यांच्या नंतर कळतं. तुझ्या हाताची नाही भीती वाटत. रस्त्याची वाटते. पाय आपोआप दाबला जातो, हात आपोआप वर जातो. मला खरंच माहीत नव्हतं, मी उठतो ते."

"मग हे घरात बोलला का नाहीत?" आईने विचारले.

"काय बोलू? ड्रायव्हर रस्त्याला घाबरतो म्हणून?"

माझ्यावर एवढा आळ आला होता. मला राग यायला हवा होता. पण नाही आला. इतका जड माणूस इतके दिवस अंग उचलून बसत होता, तो थकला किती असेल, हेच मनात येत राहिले. आणि एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. बाबा घाबरून उठत होते, म्हणजे नेमक्या धोक्याच्या क्षणीच त्यांची बॅग बंद पडत होती.

"मला एक सांगा," आई म्हणाली. "डेपोत बस मागे घ्यायचात, तेव्हा तुम्हाला मागचं दिसायचं का?"

"दिसणार कसं? कंडक्टर मागे उभा राहून ओरडायचा. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे खांब आहे, थोडं उजवीकडे."

"तेव्हा लटकत होतात?"

"छे."

"का?"

"तो सांगायचा ना सगळं."

"मग हीसुद्धा सांगेल. बाळ, तू बोलत चालव."

धाकटीला आधी संकोच वाटला. एवढ्या मोठ्या ड्रायव्हरला आपण काय रस्ता सांगायचा? पण तिने गिअर टाकला आणि बोलू लागली. "उजवीकडून मोटरसायकल येतेय. तिला जाऊ देते."

"गेली?" बाबांनी विचारले. वजन निम्मे झाले होते.

"गेली. आता टेम्पो उभा आहे. त्याच्या बाजूने घेते. जागा आहे."

वजन हळूहळू परत आले. पूर्ण नाही, पण पेटीला मोठा माणूस म्हणून सांगण्याइतके आले. मागे वायरिंगवाला आकडे वाचायचे सोडून धाकटीचे बोलणे ऐकत होता. गॅरेजपाशी उतरताना तो एवढेच म्हणाला, "काका, उद्या बसा. नुसतं बसा."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी रात्रभर बंद होतो म्हणून, नाहीतर काळजीने झोपलो नसतो. गावाबाहेर पडेपर्यंत बाबा दोनदाच उठले. डोंगर लागला तशी धाकटीची वाणी भराभर चालू लागली. "डावीकडे वळण, लांबडं. पुढे बस, आपण तिच्या मागेच राहू. खाली दरी आहे, पण कठडा आहे." मध्येच बाबा म्हणायचे, "सेकंडला टाक," आणि ती म्हणायची, "टाकलाय."

एका वळणावर धाकटीचे वाक्य अर्ध्यात तुटले.

समोर मोठा भोंगा वाजला. बाबांचे वजन गेले, सगळेच्या सगळे. पेटीने विचारले आणि मला सांगावे लागले, कोणी नाही. दिवा पेटला. मित्रांनो, खोटे बोलता आले असते तर त्या क्षणी मी बोललो असतो.

"बाबा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण मोडला नव्हता. "ट्रक आहे. आपल्या बाजूला आलाय. मी डावीकडे घेऊन थांबतेय. तुम्ही बसा."

टायरखाली खडी करकरली. आणि थंड पाण्यात माणूस जपून उतरतो तसे बाबा हळूहळू माझ्यावर उतरले. आधी थोडे, मग आणखी थोडे, मग सगळे.

"बसलो," ते म्हणाले.

मी पेटीला ओरडून सांगितले. दिवा विझला. ट्रक अगदी जवळून घरघरत गेला, गाडी त्याच्या वाऱ्याने हलली, आणि बाबा तरीही बसून राहिले.

"गेला," धाकटी म्हणाली आणि मग रडली. बाबांनी तिला रडू दिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी असतो तरी हेच केलं असतं. आता फर्स्टला टाक."

दवाखान्याच्या आवारात मी सावलीत रिकामा उभा होतो. कितीतरी तास गेले. सगळे परत आले, दारे लागली, आणि आई धाकटीला म्हणाली, "डॉक्टर वेळेवर आलात म्हणाले. मधल्या खंडात गेलं ते किती परत येईल, सांगता येत नाही. उरलंय ते राखायचं." म्हणजे काळजी सरली नव्हती. पुढच्या इंजेक्शनची होती, त्याच्या पुढच्याची होती.

बाबांच्या डोळ्यावर पट्टी होती. धाकटीने रस्ता सांगायला सुरुवात केली. शहर गेले, डोंगर लागला, आणि वजन वाढू लागले. मला आधी कळेना. जागा माणूस स्वतःचा थोडा भार स्वतःकडेच ठेवतो, टाचांवर, कोपरांवर, आखडलेल्या पाठीत. बाबांनी तोही सोडला होता. इतके वजन त्यांनी मला कधीच दिले नव्हते.

"हळू बोल," आई कुजबुजली. "झोप लागली त्यांना."

धाकटी बोलायची थांबली. बाबा जागे झाले नाहीत. ज्या वळणावर ट्रक आला होता ते वळणही मागे पडले, आणि बाबा माझ्यावर तसेच निश्चिंत पडून राहिले. घरापाशी पोचल्यावर आई म्हणाली, "किल्ली फिरव आता."

"नको," धाकटी म्हणाली. "इंजिन थांबलं की जागे होतील. ड्रायव्हर आहेत ते."

मग त्या दोघी तशाच बसून राहिल्या.

मित्रांनो, मी स्वतःसाठी फार मागत नाही. सीटवर पाणी सांडू नका, सीटखाली काहीबाही कोंबून माझी वायर ओढू नका, आणि माझा दिवा लागला तर त्याचे तोंड बंद करण्याआधी तो काय सांगतो ते बघा. पण तुमच्या शेजारी कोणी दांडीला धरून, पाय रोवून, अंग उचलून बसले असेल, तर त्याला हसू नका आणि घाबरू नका असेही म्हणू नका. त्याला कशाची भीती वाटते ते विचारा, आणि पुढे रस्त्यावर काय येते आहे ते सांगत राहा. तो खरोखर टेकला की मला कळेल.